‘शेक आणि मशीन’ या आक्षेपाबद्दल

स. न. वि. वि.

पाठदुखीवरील माझ्या लेखाखाली ‘एक त्रस्त कोथरूडकर’ या नावाने आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की आठ महिने कंबर दुखत असल्यामुळे आपण एका दवाखान्यात दहा बैठका घेतल्या आणि सहा हजार रुपये मोजले. तिथे रोज वीस मिनिटे पालथे पडून शेक आणि मशीन घेतले की घरी पोहोचेपर्यंत बरे वाटे, आणि दुसऱ्या दिवशी दुचाकीवरून हिंजवडी गाठली की कंबर पुन्हा धरे. एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसत असताना व्यायाम सांगणे आपल्याला बेजबाबदारपणाचे वाटते, आणि मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे हा सगळा लेख म्हणजे ‘स्वतःच्या दुकानाची पाटी’ आहे, असेही आपण म्हटले आहे.

दुकान माझे आहे, हे मान्यच आहे. म्हणूनच आधी हे सांगते, की आपला मुख्य आक्षेप बऱ्याच अंशी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत ट्रॅक्शन (कंबर ताणणे), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), टेन्स (त्वचेवरून दिलेला सौम्य विजेचा प्रवाह) आणि कमरेचा पट्टा यांची शिफारस नाही. उलट ते नेहमीचे उपचार म्हणून वापरू नयेत असेच म्हटले आहे. व्यायाम आणि रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे यांची मात्र शिफारस आहे. म्हणजे सहा हजार रुपयांत आपल्याला जे मिळाले ते शिफारशीबाहेरचे होते, आणि जे मिळायला हवे होते ते मिळालेच नाही. माझ्याही खोलीच्या कोपऱ्यात असे एक यंत्र आहे. ते लावले नाही तर ‘आज काहीच केले नाही’ असे म्हणणारे रुग्ण असतात आणि कधीकधी मीही तो सोपा मार्ग पत्करते, हेही इथे लिहून ठेवते.

‘पाठदुखी आपोआप बरी होते’ या आपल्या वाक्याचे उत्तर दुखणे किती दिवसांचे आहे यावर अवलंबून आहे. कालपरवा उसण भरली असेल, तर आपले म्हणणे बरोबर आहे. हेलसिंकी येथील १९९५ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात, अंथरुणावर पडून राहिलेल्या किंवा पाठीचे खास व्यायाम दिलेल्या रुग्णांपेक्षा, झेपेल तेवढी रोजची कामे चालू ठेवणारे लवकर सावरले होते. अशा माणसाच्या माथी दहा बैठका मारणे मलाही पटत नाही. आपले दुखणे मात्र आठ महिन्यांचे आहे, आणि तीन महिन्यांपलीकडे गेलेल्या कंबरदुखीत व्यायामाचा उपयोग होतो, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. तो उपयोग चमत्कारासारखा नसतो. वेदना कमी होते, बहुधा पूर्ण जात नाही.

आता एमआरआय. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ हे शब्द ऐकले की माणूस वाकायलाच घाबरू लागतो. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते, आणि त्यांपैकी ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी गादी फुगलेली आढळली. त्यामुळे केवळ फिल्मवर दिसते म्हणून तेच दुखण्याचे कारण ठरत नाही, आणि तेवढ्यावरून व्यायाम वर्ज्यही होत नाही. मात्र लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, किंवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप आणि वजनातील घट यांसह पाठ दुखत असेल, तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आधी तपासून घ्यावा लागतो. तिथे व्यायामाचा विषय नंतरचा.

व्यायाम म्हणजे नेमके काय, हे लेखात राहून गेले होते. माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ येत. ‘वाकू नका’ असे कोणीतरी कधीकाळी सांगितल्यामुळे ते तीन वर्षे दारातले वर्तमानपत्र पायाच्या बोटांत धरून वर उचलत असत, आणि त्या कसरतीत एकदा पडलेही होते. आम्ही पहिल्या आठवड्यात फक्त खुर्चीच्या काठावर बसून हात गुडघ्यांपर्यंत नेले. मग नडगीपर्यंत, मग पाटावर ठेवलेल्या डब्यापर्यंत. पुढे त्या डब्यात एक किलो तांदूळ आला, नंतर तीन किलो. थोडे दुखले तरी थांबायचे नाही, आणि दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेलेच असेल तर एक पायरी मागे यायचे, एवढाच नियम होता. अडीच महिन्यांत ते माझ्याकडे सहा वेळा आले. बाकी सगळे त्यांनी घरी केले. कंबर अजून अधूनमधून दुखते, पण वर्तमानपत्र ते हाताने उचलतात.

आपण पुन्हा कोणाकडे जाणार असाल, तर पहिल्याच भेटीत ‘मी घरी काय करायचे आणि ते दर आठवड्याला कसे वाढवायचे?’ असे विचारावे. उत्तर ‘आधी दहा बैठका होऊ द्या’ असे आले, तर निःशंकपणे उठून यावे.

माझ्या लेखात ‘साधारण दहा बैठकांत फरक जाणवतो’ असे एक वाक्य होते. आपल्या प्रतिक्रियेनंतर ते मी काढून टाकले आहे.