स्लायसरला हात लावायचा नाही, तंबाखूला चालेल?

मुलाला या उन्हाळ्यात पहिली नोकरी लागली. इथे कॅरीत, नॉर्थ कॅरोलिनात, एका सँडविचच्या दुकानात. वय 16. आधी राज्याचं युथ एम्प्लॉयमेंट सर्टिफिकेट काढलं, मग काम. तिसऱ्या दिवशी कुरकुरतच घरी आला. "आई, ते मला स्लायसरला हातच लावू देत नाहीत. चीज कापायला नाही, नुसती पाती धुवायलासुद्धा नाही!"

मला फार बरं वाटलं. 1938 च्या फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेल्या, कामगार कायद्याखाली बिगरशेती धोक्याच्या कामांचे 17 नियम आहेत. खाणकाम, छपरं घालणं, फोर्कलिफ्ट, मांस कापायची यंत्रं, सगळं 18 वर्षांखालच्यांना बंद. स्लायसरवर मांस असो की चीज, आणि पाती काढून सिंकमध्ये धुवायची असली तरीही. राज्याचा नियम वेगळा असेल तर दोन्हींपैकी जो जास्त कडक तो पाळायचा. कुणीतरी किती बारीक विचार केलाय पोरांच्या बोटांचा!

मग जुलैत समुद्रावर जाताना रस्त्याकडेला तंबाखूचं शेत दिसलं. मी निपाणीची. तंबाखू लांबूनही ओळखते. शेंडे खुडणं चालू होतं. त्यात दोन मुलं, माझ्या मुलापेक्षा नक्कीच लहान, अंगात कचऱ्याच्या काळ्या पिशव्या घातलेल्या. पानांवरच्या दवाने कपडे भिजू नयेत म्हणून.

ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं. उलट्या, चक्कर, डोकं ठणकणं. माझी आजी वखारीत तंबाखू कुटायला जायची, तिची खोकल्याची उबळ आम्ही भिंतीपलीकडून ऐकत मोठे झालो. म्हणून त्या पिशव्या बघून मी गाडीत गप्पच बसले.

घरी येऊन कायदा वाचला. शेतीला वेगळे नियम आहेत. आईवडिलांची संमती असेल तर 12 वर्षांचं मूल शाळेची वेळ सोडून शेतात मजुरी करू शकतं, आणि दिवसाला किती तास याला फेडरल मर्यादाच नाही. शेतीतल्या धोक्याच्या कामांना वयाची अट 18 नाही, 16. आणि त्या यादीत तंबाखू नाहीच! याच देशात सिगारेट विकत घ्यायला 21 पूर्ण लागतात.

2011 मध्ये फेडरल कामगार खात्याने 16 खालच्या मजूर मुलांना तंबाखूत बंदी घालायचा प्रस्ताव आणला होता. घरच्या शेतीवर गदा येते असा गदारोळ झाला आणि एप्रिल 2012 मध्ये तो मागे घेतला. मी शेतकऱ्याच्या घरातली आहे, घरच्या रानात पोरं राबतात हे मला कुणी सांगायला नको. पण आईबापाच्या स्वतःच्या शेताला त्यात सूट होती. प्रश्न दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणाऱ्यांचा होता.

2014 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने आमच्या राज्यासह चार राज्यांतल्या, तंबाखूत राबणाऱ्या 141 मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यानंतर मोठ्या सिगारेट कंपन्यांनी तंबाखूच्या शेतात 16 खालची मजूर मुलं नकोत असं स्वतःहून ठरवलं. चांगलं केलं. पण कंपनीचं धोरण उद्या बदलू शकतं, आणि बदललं तर त्या मुलाने कुठल्या कलमाकडे बोट दाखवायचं?

इथे मतदार असलेल्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, आपापल्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसात फोन करा. पाच मिनिटं लागतात. 'शेतमजूर मुलांनाही 18 चाच नियम लावा', एवढंच सांगायचं. मी दोनदा केलाय, सोमवारी परत करणार आहे.