माळ्यावरचे उत्खनन

माळ्यावरचा दिवा लागेना, एवढीच मूळ तक्रार होती. मेन स्विच बंद करून, टेस्टरने दोनदा खात्री करून आणि शिडी धरून उभ्या असलेल्या पत्नीच्या समाधानासाठी ती तिसऱ्यांदा करून मी वर चढलो, तेव्हा तुळईच्या कडेने गेलेली एक लाकडी पट्टी दिसली. तिचे झाकण उचकटले, तर आतल्या दोन खाचांतून दोन वायरी अबोला धरलेल्या जावांसारख्या, शेजारी असूनही एकमेकींना न शिवता पडल्या होत्या. ही केसिंग-कॅपिंग, एवढे मला ठाऊक होते. माझे ज्ञान तिथेच संपले.

पट्टीच्या टोकाला चिनी मातीचा अंगठ्याएवढा ठोकळा होता. त्याला आरपार दोन भोके आणि वर चार स्क्रू. मी तो सोडवून खाली दिला. पत्नीने त्याला ड्रॉवरची मूठ ठरवले. शेजारचे काका, ज्यांना कोणत्याही विषयात शंका म्हणून येत नाही, ते म्हणाले, "फ्यूज आहे." फ्यूज असता तर दोन स्क्रूंमध्ये बारीक तार ताणलेली दिसली असती, इथे मात्र पितळेची अखंड नळी होती, म्हणजे हा वायरी जोडण्याचा साधा कनेक्टर होता. हे मी नम्रपणे सांगितले. काकांनी ते ऐकले नाही.

खरी परीक्षा वायरीने घेतली. वरचे सुती वेष्टण बोट लागताच भुकटी होऊन नाकात गेले. त्याखालचे रबर इतके कडक झाले होते की वायर किंचित वाकवताच ते तडकून त्याचे तुकडे माझ्या बाहीत पडले. आतून चकचकीत पांढऱ्या तीन तारा निघाल्या. "ॲल्युमिनियम!" काका खालूनच गरजले. मी चाकूच्या पात्याने एक तार खरवडली, तेव्हा पांढरेपणा निघून आत लालसर तांबे दिसले. व्हल्कनाइज्ड, म्हणजे गंधक घालून पक्के केलेल्या, रबरातले गंधक तांब्याला खाते, म्हणून त्या काळी तांब्यावर कथिलाचा मुलामा देत असत. मग बारीक जाडी मोजायचा व्हर्नियर मागवला. एकेक तार पाऊण मिलिमीटरला किंचित कमी, म्हणजे ०.०२९ इंच भरली. तीन तारा असल्याने जुन्या इंची मापात ही ३/.०२९ झाली. परीक्षेत पास झाल्याचा आनंद मला पुष्कळ वर्षांनी झाला. खालून मात्र कोणी टाळी वाजवली नाही.

तेवढ्यात वायरमन आला आणि वर चढून त्याने पुढची पट्टी उघडली. तिथे काळ्या टेपचा एक गोळा होता. त्याने बाहेरची कापडी टेप काढली, मग रबराची पट्टी सोलली, आणि आत एकमेकींत गुंफलेल्या तारांवरचे डाख नव्यासारखे चमकले. तो काही क्षण हात जोडल्यासारखा थांबला. "साहेब, असा जॉइंट आता कोण करतो!"

हातभर पुढे दुसरा गोळा होता. त्यात डाख नव्हते, रबर नव्हते; निरनिराळ्या रंगांच्या दोन वायरी नुसत्या पिळून त्यांवर पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि तिचा डिंक वितळून पिवळा झाला होता. दिवा न लागण्याचे कारण हेच होते. "हा कोणत्या काळातला?" असे वायरमनने विचारले. मी कनेक्टर पुन्हा निरखू लागलो. शिडी धरणाऱ्या व्यक्तीने मात्र वर्ष, महिना आणि त्या दिवशी माझी किती मनधरणी करूनही मी वायरमन बोलावू दिला नव्हता, हे सारे क्रमाने सांगितले.