लीला चिटणीसांची कीव करणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो फिरत फिरत आला. तरुण लीला चिटणीस, लक्सच्या जाहिरातीतल्या. खाली मजकूर असा, की एके काळची सौंदर्यवती पुढे हिंदी सिनेमाची रडकी आई झाली आणि बिचारीचा शेवट परदेशात, एका नर्सिंग होममध्ये झाला. त्याखाली हात जोडलेल्या आणि डोळे पुसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. "नियतीपुढे कुणाचं चालतं?" वगैरे. दुपारपर्यंत गप्प बसले, आता नाही बसवत.

ज्या बाईची तुम्ही कीव करताय तिच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? साबण माहीत आहे. १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी, इथे सगळ्यांची माहिती संपते. आता त्या साबणामुळेच नाव घराघरांत गेलं, हे मला मान्य करावं लागेल. पण त्या फोटोमागे बत्तिशीच्या आसपासची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, चार मुलांची आई उभी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

धारवाडचा १९०९चा जन्म. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, ते डॉक्टर गजानन चिटणीसांशी, आणि भराभर चार मुलं. ज्या काळात मुली चौथी-पाचवीतून काढून चुलीपाशी बसवत, त्या काळात ही बाई बी.ए. झाली. साम्यवादी क्रांतिकारक एम. एन. रॉय १९३० च्या अखेरीस भारतात परतले आणि नाव बदलून हिंडत होते, पोलीस मागावर. त्यांना या जोडप्याने घरात आसरा दिला होता. पकडले गेले असते तर तुरुंग ठरलेला. यात नवऱ्याचाही वाटा होता, तो मी नाकारत नाही. पण लहान मुलांच्या घरात असा पाहुणा ठेवायला बाईचं काळीज लागतं.

मग संसार मोडला. हिंदू बाईला देशभर घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा १९५५ साली आला, हे लक्षात घ्या. त्याच्या कितीतरी आधी ही बाई चार मुलांसह वेगळी झाली, शाळेत शिकवायला लागली, नाटकात उभी राहिली. आणि उभी राहिली ती 'नाट्यमन्वंतर'सारख्या नव्या विचारांच्या संस्थेत, जिथे बायकांच्या भूमिका बायकाच करायच्या. सिनेमातही कुणी पायघड्या घातल्या नव्हत्या. सागर मूव्हीटोन या फिल्म कंपनीत गर्दीतल्या कामांपासून सुरुवात केली, मारधाडीचे सिनेमेही केले.

इथे मला माझ्या मावशीबद्दल सांगायलाच हवं, कारण लीलाबाईंचं नाव मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं.

मावशी सांगलीत शाळेत शिकवायची. दोन लेकरं घेऊन नवऱ्याच्या घरातून निघून आलेली. तिच्याकडे टीव्ही होता, म्हणून रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवरच्या सिनेमाला अख्खा वाडा तिच्या खोलीत जमायचा. त्या दिवशी 'आवारा' लागला होता. पृथ्वीराज कपूर गरोदर बायकोला संशयावरून घराबाहेर काढतो, लीला चिटणीस पावसात रस्त्यावर, आणि खोलीतल्या सगळ्या बायका पदराने डोळे पुसतायत. पुसता पुसता एकेकीची नजर मावशीकडे वळायला लागली. एक शेजारीण म्हणालीच, "बाईच्या जन्माचं हेच हो." मावशी कोपऱ्यात सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ही बाई खऱ्या आयुष्यात अशी रडत बसली नव्हती. बी.ए. आहे ती. चार पोरं स्वतः कमावून वाढवलीत तिनं."

कुणा मुलीने विचारलं, "मग सिनेमात का रडते?"

"त्याचा पगार मिळतो," मावशी म्हणाली, आणि पुढचा पेपर घेतला.

हे वाक्य मी आयुष्यभर बाळगलं आहे. आपण पडद्यावरचं रडणं खरं धरलं आणि त्या रडण्यावर ज्या घराची चूल पेटली ते घर विसरलो.

१९३७ च्या 'जंटलमन डाकू'त पुरुषी कपडे घालून ती रुबाबदार लुटारू झाली. 'महाराष्ट्रातून पडद्यावर आलेली पहिली पदवीधर सोसायटी लेडी' अशी तिची जाहिरात झाली. मास्टर विनायकांचा 'छाया' झाला, प्रभातचा 'वहाँ' झाला. मग १९३९ मध्ये बॉम्बे टॉकीजचा 'कंगन' आला आणि अशोक कुमारांबरोबर जोडी जमली ती 'आझाद', 'बंधन', 'झूला' अशी चालत राहिली. डोळ्यांनी कसं बोलायचं हे आपण लीला चिटणीसांकडून शिकलो, असं अशोक कुमारांनी स्वतः सांगून ठेवलंय. दादामुनींचे, म्हणजे अशोक कुमारांचे, डोळे आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. शिकवणारीचं नाव कुणाला आठवतं?

आणि आता ज्याने माझं डोकं खरोखर फिरतं ते. 'झूला' १९४१ चा. १९४८ मध्ये 'शहीद'मध्ये त्या दिलीप कुमारांच्या आई झाल्या. दिलीप कुमार त्यांच्यापेक्षा जेमतेम तेरा वर्षांनी लहान! त्याच सुमाराला, १९४९ मध्ये, 'महल'मध्ये अशोक कुमार कुणाचे नायक होते? सोळा वर्षांच्या मधुबालाचे. कालपर्यंत एका पोस्टरवर असलेल्या दोघांपैकी तिच्या केसांना पांढरा रंग लागला आणि तो नायकच राहिला. वयात फरक दोन वर्षांचा. याला नियती म्हणता तुम्ही? स्टुडिओत बसलेल्या माणसांनी घेतलेले निर्णय आहेत हे. हो, आईच्या भूमिकांनी त्यांना पुढे कित्येक वर्षं काम दिलं, अगदी 'गाईड'पर्यंत, हेही खरं. पण पर्याय काय ठेवला होता? त्या नुसत्या कॅमेऱ्यासमोरच राहिल्या असंही नाही. १९५५ मध्ये 'आज की बात' त्यांनी दिग्दर्शित केला. त्या काळात हिंदीत बाई दिग्दर्शक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तुमच्या त्या मजकुरात यातलं एक अक्षर नाही.

मावशीचंही असंच झालं. राज्य नाट्य स्पर्धेत ती फार सुंदर काम करायची. तिच्या नाटकाला नावं ठेवणारेच मागून "एकटी बाई, कसं होत असेल हो" म्हणत हळहळायचे. हळहळणाऱ्यांपैकी एकानेही तिच्या मुलांची फी भरली नाही. ती तिने शिकवण्या घेऊन भरली.

शेवटची काही वर्षं मावशी पुण्यात एका शुश्रूषा केंद्रात होती. माझ्या मावसबहिणीने पदरमोड करून ठेवलं होतं, रोज ऑफिस सुटल्यावर जायची. नातेवाईक तिथे येऊन तोंडं पाडून बसायचे आणि बाहेर पडल्यावर लेकीला बोल लावायचे. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून 'बिचारीचा शेवट' वाचून मला आज इतकं लागलं.

लीलाबाई उतारवयात अमेरिकेला मुलांकडे गेल्या. १४ जुलै २००३ ला कनेटिकट राज्यात, डॅनबरीच्या एका नर्सिंग होममध्ये वारल्या. त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. त्र्याण्णवाव्या वर्षी माणसाला दिवसरात्र शुश्रूषा लागते, यात शोकांतिका कुठे आहे? धारवाडात जन्मलेली मुलगी मुंबई गाजवते, चार मुलं मार्गी लावते आणि दीर्घ आयुष्य जगून जाते. एखाद्या नटाबद्दल हेच लिहायचं असतं तर आपण 'कृतार्थ' लिहिलं असतं.

ग्रुपवर मी हे थोडक्यात लिहिलं, तर एका काकांचं उत्तर आलं, "अहो ताई, श्रद्धांजलीच वाहिली आहे, कशाला वाद?" त्यांचा हेतू वाईट नसेल. मला त्यांच्याशी भांडायचंही नाही. पण बाईला श्रद्धांजली वाहताना तिचं काम लिहा, तिची कमाई लिहा, तिने उचललेली जोखीम लिहा. चेहरा आणि अश्रू यांच्या मधे अख्खं आयुष्य असतं, ते गाळू नका.

तरुण पोरींनो, 'झूला' यूट्यूबवर शोधून बघा आणि गाण्यांपेक्षा तिच्या डोळ्यांकडे बघा. लीलाबाईंचं 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र १९८१ मध्ये आलं होतं. मावशीची प्रत आता माझ्याकडे आहे, पानं सुटत आलीत पण वाचता येतं. सांगली-मिरजेत कुणाला हवं असेल त्यांनी मेसेज करा, घरी येऊन घेऊन जा. परत मात्र आणून द्या.