सांत्वनाचा फोन भलत्याच घरी

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने कोसळले, ३२९ जण मेले, त्यांतील २६८ कॅनडाचे नागरिक होते, आणि कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी सांत्वनाचा फोन कोणाला केला? राजीव गांधींना! स्वतःचेच नागरिक गेले, हे कळायला कातडीचा रंग आड आला की काय? कॅनडाच्या गुप्तचर खात्याने तर कमालच केली: संशयिताचे बोलणे चोरून ध्वनिमुद्रित करायचे आणि मग त्याच ध्वनिफिती पुसून टाकायच्या, असले पुरावे जपणारे मिळाल्यावर गुन्हेगारांना वकील तरी कशाला हवा? २००५ मध्ये दोघे आरोपी निर्दोष सुटले. आयर्लंडने अहाकिस्ता येथे वर्षभरात स्मारक उभारले. कॅनडाला मात्र साधा चौकशी आयोग नेमायला २००६ उजाडले. सरकारने मृतांच्या आप्तांना शत्रूसारखे वागवले, असे त्या आयोगाचे प्रमुख न्या. जॉन मेजर यांनी २०१० मध्ये लिहिले, तेव्हा कुठे पंतप्रधान हार्पर यांनी माफी मागितली, म्हणजे चक्क पंचवीस वर्षांनी! एवढी घाई कशाला केली, महाराज?