ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनचं ‘चले जाव’? त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा

ब्रिटनने जून २०१६ ला जनमत घेऊन युरोपीय युनियनमधून बाहेर पडायचं ठरवलं, त्या ब्रेक्झिटवरचा एक मराठी मेसेज गेले काही महिने सगळीकडे फिरतोय, आमच्या खटाव तालुक्यातल्या भाऊबंदांच्या ग्रुपवर तर तीनदा आला, शेवटचा आमच्या अण्णांनी टाकला आणि खाली लिहिलं, “तू तिकडंच असतोस, खरं का हे?” मी बारा वर्षं इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो, म्हणून उत्तर देतो, आणि फोनवर बोलण्यात राहून जाईल म्हणून लिहूनच देतो.

मेसेज थोडक्यात असा. वर मुंबईच्या गोवालिया टँकचा, चले जावची घोषणा झाली त्या मैदानाचा, फोटो. खाली, १९४२ ला आपण इंग्रजांना चले जाव म्हटलं, २०१६ ला इंग्रजांनी युरोपला म्हटलं. दर आठवड्याला ब्रसेल्सला, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाला, जाणारे ३५ कोटी पाउंड वाचले आणि सरकारी दवाखान्यांना मिळाले. बाहेरून येणारे लोंढे थांबले. युरोपच्या आधी करोनाची लस मिळाली ती बाहेर पडल्यामुळेच. भारताशी करार झाला, म्हणजे निर्णय बरोबर ठरला. आणि ब्रिटन गुलामीतून सुटलं.

३५ कोटींपासून घेतो, कारण हा आकडा बाहेर पडा म्हणणाऱ्या प्रचारकांनी इथे लाल बसवर रंगवून गावोगाव फिरवला होता आणि लोकांना तोच लक्षात राहिला. ब्रिटनच्या वाट्याची मूळ वर्गणी वर्षाला साधारण १,७८० कोटी पाउंड बसायची, ती आठवड्यावर भागली की ३५ कोटींच्या जवळ जातं, हे बरोबर. पण तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून सूट मिळवली होती, साधारण ४९० कोटींची, आणि ती आधीच वजा व्हायची. म्हणजे ते पैसे ब्रसेल्सला कधी जातच नव्हते! जायचे ते आठवड्याला २५ कोटी. त्यातले वर्षाला ४४० कोटींच्या आसपास शेतकऱ्यांचं अनुदान, मागास भागांचा निधी अशा रूपाने इथल्या सरकारकडे परत यायचे. राहिले ८५० कोटी, म्हणजे आठवड्याला १६-१७ कोटी. माणशी हिशोब केला तर वर्षाला १३० पाउंड. इथल्या सरकारी आकडेवारीवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाने मतदानाच्या आधीच सांगितलं होतं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे, २०१७ ला तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी तो परत काढला तेव्हा त्यांना तसं पत्रच गेलं. आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर नायजेल फराज यांना विचारलं की हे पैसे दवाखान्यांना मिळतील का, तर ते म्हणाले, मी खात्री देऊ शकत नाही, तसं म्हणणं ही चूकच होती. हा गृहस्थ बाहेर पडा म्हणून पंचवीस वर्षं बोंबलत होता, त्याने चोवीस तासांच्या आत हात वर केले.

दवाखान्यांना पुढे पैसे वाढवून दिले हे खरंय. पण ते कर आणि कर्ज यातून आलेत. सरकारनेच नेमलेली स्वतंत्र अर्थअंदाज संस्था सांगते की बाहेर पडल्याने देशाची उत्पादकता लांबच्या पल्ल्यात, आत राहिलं असतं त्यापेक्षा, ४ टक्क्यांनी कमी राहणार आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी. उत्पन्नच कमी झालं तर करही कमी येतो, म्हणजे वर्गणी वाचली त्याच्या कितीतरी पट दुसऱ्या दाराने गेलं.

आता लोंढे थांबले हे. मतदानाच्या महिनाभर आधी आकडा आला होता, वर्षाला ३ लाख ३३ हजार, येणारे वजा जाणारे. त्यावरूनच रान पेटलं होतं. बाहेर पडल्यावर जून २०२३ ला संपलेल्या वर्षात तो ९ लाखांच्या वर गेला. जवळजवळ तिप्पट! युरोपातून येणारे घटले पण भारत, नायजेरिया वगैरेंकडून विद्यार्थी, नर्स, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारे आले, कारण माणसं हवीच होती. नंतर व्हिसाचे नियम कडक केले तेव्हा आकडा खाली आला, पण हे लक्षात घ्या की युरोपबाहेरच्यांचे व्हिसा ब्रिटन पहिल्यापासून स्वतःच ठरवत होतं, शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामायिक व्हिसाच्या व्यवस्थेत, ते कधीच नव्हतं. माझा व्हिसा ब्रसेल्सने दिला नव्हता.

ज्यांना खरा चटका बसला ते आपल्याच बाजूचे लोक आहेत आणि मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. स्विंडनमध्ये गोवेकर भरपूर. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळू शकतो, आणि तो असला की युरोपचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये येऊन काम करता यायचं. आमच्या शेजारच्या काकू तशाच, साष्टीच्या, गोदामात रात्रपाळी करतात. २०१९ मध्ये अशा सगळ्यांना नव्याने अर्ज करायला लागला की आम्हाला इथे राहू द्या. अर्ज फोनवरच्या अॅपमधून, आणि काकूंचा फोन जुना म्हणून त्या माझ्याकडे आल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पासपोर्ट ठेवून त्यावर फोन धरायचा म्हणजे आतली चिप वाचली जाते, ती काही केल्या वाचेना, कव्हर काढलं, पासपोर्ट उलटा केला, इंच इंच सरकवून बघितला, तासभर गेला. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, नुसतं त्या पासपोर्टच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या होत्या. शेवटी एकदाची चिप लागली, मग चेहऱ्याचा फोटो. नऊ वर्षं इथे टॅक्स भरलेल्या बाईला कायम राहण्याची परवानगी मागावी लागली, मिळाली ते देवाच्या कृपेने, पण त्यांच्या भाच्याला मात्र आता तो रस्ता बंद आहे, ३१ डिसेंबर २०२० ला संपला.

लसीचं एका परिच्छेदात. २ डिसेंबर २०२० ला ब्रिटनने फायझरच्या लसीला मंजुरी दिली आणि ८ तारखेला कोव्हेंट्रीत ९० वर्षांच्या आजींना पहिला डोस मिळाला. त्या दिवशी ब्रिटन कागदावर बाहेर होतं पण संक्रमणकाळ चालू होता, युरोपचे औषधांचे नियम वर्षअखेरपर्यंत लागूच होते. त्याच नियमांत सोय आहे की साथ असेल तर कुठलाही सदस्य देश स्वतःपुरती तातडीची मंजुरी देऊ शकतो. जर्मनीलाही देता आली असती, त्यांनी सगळ्यांबरोबर थांबायचं ठरवलं.

भारताशी करार. २४ जुलै २०२५ ला सही झाली, आणि युनियनमध्ये राहून ब्रिटनला असा करार एकट्याने करता आला नसता, हा मुद्दा मान्य, शंभर टक्के मान्य. तसंच सॅनिटरी पॅडवरचा व्हॅट २०२१ ला उठवता आला तोही बाहेर पडल्यामुळेच. पण करार झाला म्हणजे हिशोब जमला असं होत नाही ना. ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे की या कराराने अर्थव्यवस्थेत लांबच्या पल्ल्यात वर्षाला ४८० कोटी पाउंडांची भर पडेल, म्हणजे ०.१ टक्का. वरचे ४ टक्के शेजारी ठेवून बघा.

एक गोष्ट माझ्या बाजूच्या, म्हणजे ब्रेक्झिट चूक म्हणणाऱ्या, लोकांनाही सांगायची आहे. आमच्या स्विंडनमधला होंडाचा कारखाना २०२१ ला बंद झाला, साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या, आणि बरेच जण तो ब्रेक्झिटच्या खात्यात टाकतात. कंपनीने स्वतः कारण दिलं होतं इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळल्याचं. चुकीचा आकडा त्यांनी दिला म्हणून आपण चुकीचं कारण द्यायचं नाही.

आता तो गोवालिया टँकचा फोटो. हे शेवटी ठेवलं कारण मला हेच जास्त लागलं.

ब्रिटन १९७३ ला स्वतःच्या संसदेच्या मताने आत गेलं, १९७५ ला जनमत घेतलं तेव्हा दोन-तृतीयांश लोकांनी राहू म्हटलं. युरोपच्या संसदेत त्यांचे ७३ खासदार होते, फराज स्वतः त्यातले एक, वीस वर्षं. ज्या एकल बाजारपेठेच्या, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या मिळून एका बाजाराच्या, नियमांचा एवढा राग, तिचा १९८५ चा आराखडा थॅचरबाईंनीच ब्रसेल्सला पाठवलेल्या लॉर्ड कॉकफिल्ड यांनी तयार केला. आणि युनियनच्या करारातलं बाहेर पडायचं कलम ५०, त्याचा मसुदासुद्धा एका ब्रिटिश मुत्सद्द्याने, लॉर्ड केर यांनी लिहिला. २९ मार्च २०१७ ला ब्रिटनच्या राजदूतांनी ब्रसेल्समध्ये सहा पानी पत्र युरोपीय परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क यांच्या हातात दिलं, झालं. वाटाघाटी किचकट झाल्या, खूप वर्षं लागली, पण कुणी दार अडवलं नाही, कुणाला अटक झाली नाही.

अण्णा, तुम्हाला सांगायची गरज नाही १९४२ च्या सप्टेंबरमध्ये वडूजला काय झालं. मामलेदार कचेरीवर झेंडा लावायला माणसं निघाली होती, हातात काठी नव्हती, आणि गोळीबार झाला. आपले आजोबा त्यानंतर दीड वर्ष येरवड्याला होते. त्यांना कलम ५० नव्हतं, त्यांचे ७३ खासदार नव्हते, पत्र देऊन बाहेर पडायची सोय नव्हती. ब्रिटनच्या लोकांनी ५१.९ टक्क्यांनी जो निर्णय घेतला तो त्यांचा हक्क होता, बरोबर की चूक ते त्यांचं त्यांनी भोगायचं, पण त्याला चले जाव म्हणू नका.

बाकी मेसेज ठेवायचा तर ठेवा, माझं उत्तर त्याखाली चिकटवा. तो फोटो तेवढा काढा.