हात वर करून दाखवा

एअर होस्टेसच्या युनिफॉर्मचे हवे तेवढे फोटो बघा, त्यातल्या एकीचाही हात वर केलेला सापडणार नाही. एक हात बॅगेच्या दांड्यावर, दुसरा कमरेशी, मान जराशी कलती. "जगातले सगळ्यात स्टायलिश युनिफॉर्म" म्हणून जे फोटो दर दोन-चार महिन्यांनी फिरतात त्यात एमिरेट्सची लाल टोपी आणि तिच्या बाजूने लोंबणारा पांढरा स्कार्फ असतो, सिंगापूर एअरलाइन्सचं बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं नक्षीचं कापड, असतं, एअर फ्रान्सचा निळा रंग असतो. मीपण बघते, चांगली झूम करून बघते. पण मी पडले शिवणकाम करणारी बाई. माझी नजर आधी मुंढ्यावर जाते, म्हणजे बाही जोडतात त्या घेरावर.

कारण विमानात या मुली उभं राहून फोटो काढत नाहीत. डोक्यावरच्या कप्प्यात कोणाची तरी पंधरा किलोची बॅग ढकलतात. वाकून पट्टे तपासतात, जड ट्रॉली अरुंद वाटेतून ओढतात, खालच्या खणातून जेवणाचे ट्रे काढायला उकिडव्या बसतात. दिवसभर हात वर, कंबर खाली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे बैठ्या कामाचं माप नाही, शेतातल्या कामाचं माप आहे.

अमळनेरला माझं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, आणि मे-जूनमध्ये शाळांचे गणवेश. मागे जिल्ह्याच्या गावातल्या एका संस्थेची ऑर्डर आली. "एअर होस्टेस आणि ग्राउंड स्टाफ" असा कोर्स शिकवणारी संस्था, नाव सांगत नाही. मुली पारोळा, चोपडा, एरंडोल इकडच्या. कुणाच्या घरी केळी, कुणाच्या घरी कापूस. फी वेगळी, ड्रेसचे पैसे वेगळे. नोकरी लागायची तेव्हा लागेल, ड्रेस मात्र पहिल्याच महिन्यात, कारण पुढच्या वर्षीच्या बॅनरवर फोटो टाकायचा असतो. मॅडमनी मोबाईलवर एक परदेशी फोटो दाखवला. पेन्सिल स्कर्ट, कमरेत चापून बसलेलं जॅकेट. म्हणाल्या, "ताई, डिट्टो अशीच फिटिंग पाहिजे."

पहिल्या मुलीची ट्रायल चालू होती. कच्ची शिलाई मारलेली, ती आरशासमोर खुश. तेवढ्यात फॉल लावायला साडी घेऊन आलेल्या आजीबाई बाकावर बसल्या होत्या, त्यांनी तिला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "हात वर करता येस का व तुले?"

पोरीने हात वर केले. पाठीच्या मधल्या शिवणीचा दोरा तटतट तुटला, शर्ट स्कर्टातून बाहेर आला आणि जॅकेट कमरेवरून थेट छातीखाली. आजीबाई काही बोलल्या नाहीत, पिशवीतली साडी काढून माझ्याकडे दिली.

आता यात एक शिवणाची गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हात मोकळा हवा म्हणजे मुंढा खोल कापा, असं नव्या शिकणाऱ्यांना वाटतं. होतं उलट. मुंढा जेवढा खाली, तेवढं हात वर करताना सगळं जॅकेट बाहीबरोबर वर ओढलं जातं. मुंढा बगलेला लागून वर घ्यायचा, बाहीचा माथा थोडा कमी ठेवायचा, पाठीला दोन्हीकडे एकेक प्लीट द्यायची. मग हात वर गेला तरी जॅकेट जागेवर राहतं आणि समोरून फिटिंग पण तशीच दिसते. मी तसंच शिवून दिलं, दोन्ही बाजूंना माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, पण भरपूर ठेवली. मॅडमचं म्हणणं पडलं की फोटोत पाठीची प्लीट दिसते. मजुरीतून पैसे कापले. असो.

हा "फोटोत कसं दिसतं" प्रकार काही आपल्याकडचा नाही, तो या नोकरीच्या जन्मापासून आहे. 1930 साली अमेरिकेत एलन चर्च नावाची पहिली स्टुअर्डेस, म्हणजे तेव्हाची एअर होस्टेस, विमानात चढली, ती शिकलेली नर्स होती आणि वैमानिकही. सुरुवातीच्या त्या मुली विमानात नर्ससारखा पांढरा पोशाख घालायच्या, उडायला घाबरणाऱ्या प्रवाशांना धीर यावा म्हणून. पण अट बघा: लग्न झालेलं नको, वय पंचविशीच्या आत, वजन 115 पौंडांच्या आत, म्हणजे 52 किलो. नर्सचं शिक्षण आणि 52 किलो, दोन्ही एकाच जाहिरातीत.

पुढे 1965 मध्ये ब्रॅनिफ नावाच्या कंपनीने एमिलिओ पुची या इटालियन डिझायनरकडून कपडे करून घेतले. भडक रंग, एकावर एक थर, आणि पावसात केस बिघडू नयेत म्हणून डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा गोल घुमट! अंतराळवीराचा असतो तसा. थरांची कल्पना मला शिंपीण म्हणून एकदम पसंत. बाहेर थंडी, आत गरम, एकेक थर उतरवा, काम करा. पण जाहिरात काय केली? "एअर स्ट्रिप" नावाने, बाई एकेक कपडा उतरवते अशा थाटात. चांगल्या शिवणाचं मातेरं केलं.

असं का व्हायचं याचं कारण साधं व्यापारी आहे. अमेरिकेत 1978 पर्यंत विमानाची तिकिटं किती रुपयांना, सॉरी, किती डॉलरला विकायची ते सरकार ठरवायचं. भाव सगळ्यांचा सारखा, विमानं सारखी, मग गिऱ्हाईक ओढायचं कशावर? जेवणावर आणि मुलींवर. प्रवासी बहुतेक धंद्याच्या कामाने फिरणारे पुरुष. म्हणून मोठमोठे डिझायनर बोलावले. युरोपातल्या कंपन्याही मागे नव्हत्या, एअर फ्रान्सने 1960 च्या दशकात आधी डिओरकडून आणि मग बालेन्सियागाकडून कपडे करून घेतले. बालेन्सियागाच्या कापण्याला मी मान देते. बाहीचा राजा होता तो माणूस.

आपणही साळसूद नव्हतो हं. एअर इंडियात एअर होस्टेसला पस्तिशीला घरी बसवायचे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तरी घरी, आणि पहिल्यांदा गरोदर राहिली तरी घरी. विमानात तसलंच काम करणारे पुरुष पर्सर मात्र 58 पर्यंत. नर्गेश मिर्झा आणि इतर जणी सुप्रीम कोर्टात गेल्या. 1981 च्या निकालात गरोदरपणाची अट कोर्टाने उडवली, पण चार वर्षांत लग्न नको ही अट तशीच राहू दिली. त्या काळातले एअर इंडियाचे साडीतले फोटो आज "किती ग्रेसफुल" म्हणून फिरतात. ग्रेसफुल होतेच. त्या साडीतल्या बाईला मूल झालं की साडी परत द्यावी लागायची, एवढंच फोटोखाली लिहिलेलं नसतं.

सिंगापूर एअरलाइन्सचा केबाया, म्हणजे अंगाबरोबरचा ब्लाउज आणि खाली लुंगीसारखा सराँग, हा माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात भांडणाचा युनिफॉर्म. 1968 मध्ये पिअर बालमॅं या फ्रेंच डिझायनरने तो बसवला, मलाय बायकांच्या नेहमीच्या पोशाखावरून, आणि अजून तोच चालतो. निळा, हिरवा, लाल, जांभळा, असे चार रंग. निळी सगळ्यात नवी, मग हिरवी, मग लाल, आणि जांभळी सगळ्यांवर देखरेख करणारी. कोणाला हाक मारायची ते खांद्यावर फीत न लावता कळतं. आणि बाटिकची दाट नक्षी, कॉफी सांडली तरी पटकन दिसायची नाही. ज्याने हे ठरवलं त्याला कपडा धुण्याचं दुःख माहीत असणार! पण फिटिंग एवढं अंगाबरोबर की एका दिवाळीचे लाडू खाल्ले तर पुढच्या महिन्यात अल्टरला आणावा लागेल. प्रत्येकीच्या अंगावर मापून शिवतात म्हणून निभतं. आपल्याकडे "स्मॉल, मीडियम, लार्ज" मध्ये तसली फिटिंग उतरवायला जातात, तिथे घोळ होतो.

कापडाबद्दल तर कोणी बोलतच नाही. 2016 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने सत्तर हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांना नवे कपडे दिले. दिसायला झकास. मग पुरळ, खाज, डोकेदुखी, श्वासाचा त्रास, अशा हजारो तक्रारी. पुरवठादार म्हणायचा चाचणीत काही निघालं नाही. कंपनीने शेवटी पुरवठादार बदलला आणि 2020 मध्ये पुन्हा नवे कपडे आणले. त्याआधी अलास्का एअरलाइन्समध्ये असंच झालं होतं, आणि हार्वर्डच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की नवे कपडे आल्यानंतर तिथल्या क्रूमध्ये त्वचेच्या आणि श्वासाच्या तक्रारी वाढल्या होत्या. सुरकुती पडू नये, डाग बसू नये म्हणून कापडावर जे चढवतात ते अंगालाच चिकटून राहतं. खान्देशात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एप्रिलच्या कडक उन्हात शाळेचा पॉलिस्टरचा गणवेश घालून बसलेल्या पोराची मान बघा, कॉलरच्या खाली लाल पट्टा असतो. आणि विमानाच्या बाबतीत आणखी एक: आग लागली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, लोकर तसं करत नाही. मग महाग पडली तरी लोकरमिश्रित कापड का घेत नाहीत, हा प्रश्न फॅशनवाल्यांनी विचारावा की नको?

आता साडी. एअर इंडियाने डिसेंबर 2023 मध्ये मनीष मल्होत्राकडून नवे कपडे करून घेतले, तेव्हा आमच्या भिशीत जोरात वाद झाला. एक बाजू: साडी नेसून संकटात पळणार कशी? दुसरी: आपली संस्कृती. माझं मत या दोन्ही बाजूंना पटलं नाही. ती साडी आधीच शिवलेली आहे, निऱ्या जागेवर पक्क्या, आणि हवी असेल तर पॅंट घालून वरून नेसायची सोय आहे. हे डोकं चालवलेलं काम आहे. साडीत काम होत नाही असं म्हणणाऱ्याने दिवाळीच्या आसपास आमच्या तापी काठच्या कापसात येऊन बघावं. काष्टा मारलेली, पदर खोचलेला, कमरेला ओटी बांधलेली, बाई दिवसभर वेचणी करते आणि बांध पण ओलांडते. साडीचा दोष नाही, कुठल्या पद्धतीने नेसवली त्याचा आहे.

माझं भांडण आहे ते त्याच ड्रेसबरोबर दिलेल्या टाचांशी. ब्लॉक हील आहेत, सुईसारख्या नाहीत, मान्य. पण टाचच कशाला? नवं विमान पास करताना अर्धे दरवाजे बंद धरून सगळे लोक 90 सेकंदांत बाहेर निघतात का, ते बघतात. प्रवाशांना सांगतात की संकटात दरवाजातून खाली उतरायच्या घसरगुंडीवर टाचेचे बूट काढून ठेवा, नाहीतर ती फाटेल. आणि सांगणारीच्या पायात टाच. बऱ्याच कंपन्यांत आत गेल्यावर सपाट बूट घालायला मिळतात हे खरं, म्हणजे टाच फक्त विमानतळावर चालताना लोकांना दिसायला. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं आणि आतले सगळेच्या सगळे 379 लोक जिवंत बाहेर आले. त्या कंपनीने 2020 मध्येच टाचेची सक्ती काढून टाकली होती. टाच नव्हती म्हणून वाचले असं मी म्हणत नाही, ते त्या क्रूच्या सरावाने वाचले. पण असं काम करणाऱ्या बाईला कोणते बूट द्यावेत, हे मला कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

तसे बदल होत आहेत. युक्रेनच्या स्कायअप या विमान कंपनीने 2021 मध्ये टाचा आणि स्कर्ट काढून स्नीकर आणि सैल पॅंट दिली. आपल्याकडे अकासा एअरने 2022 मध्ये सुरुवातच पॅंट, जॅकेट आणि स्नीकरने केली. ब्रिटिश एअरवेजचे 2023 चे कपडे ओझवाल्ड बोटेंग या डिझायनरने केले, त्याआधी शेकडो कर्मचाऱ्यांशी बोलून आणि मालवाहू विमानांवर गुपचूप घालून बघून. ही खरी ट्रायल! त्यात बायकांसाठी जंपसूटही आहे. दिसतो फर्मास. विमानातल्या त्या एवढ्याशा टॉयलेटात तो उतरवायचा कसा, हे मात्र मला अजून कोणी समजावलेलं नाही.

आता जळगावहून विमानं उडतात, एटीआर जातीची छोटी विमानं, आत दोनच क्रू. बॅगा, पट्टे, पाणी, घोषणा, सगळं त्या दोघींवर. आमच्या भागातल्या मुली उद्या तिथे दिसल्या तर आनंदच आहे. त्या संस्थेची यंदाची ऑर्डर पुन्हा माझ्याकडे आली आहे. मी सांगून टाकलं: प्लीट राहणार, स्कर्टाऐवजी पॅंट, आणि ट्रायल हात वर करूनच होणार. मॅडम "कळवते" म्हणाल्या.

तोवर एक काम करा. तुमच्यापैकी कोणाची लेक, बहीण, भाची केबिन क्रूमध्ये असेल तर तिला विचारून खाली लिहा: खिसा कुठे हवा? पुरुषांच्या जॅकेटला आत दोन, बाहेर दोन असतात. बायकांच्या जॅकेटला बहुतेक नुसती खोटी पट्टी शिवलेली असते. पेन, छोटी वही, बॉटल ओपनर, लिपस्टिक, एवढं ठेवायचं असतं म्हणे. डावीकडे आतून दिला तर वाकताना टोचतो का? उजवीकडे बाहेरून दिला तर ट्रॉलीला अडकतो का? कापड अजून कापलेलं नाही.