लडलोचं तिकीट आणि विजयदुर्गाचा तट

2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आमचा विजयदुर्ग. देवगडहून आम्हाला भेटायला आलेले बाबा महिनाभर दुसरं काही बोलत नव्हते. म्हणून एका शुक्रवारी इंग्लंडमधल्या आमच्या श्रूजबरीहून रेल्वेने अर्ध्या तासावरच्या लडलोला त्यांना घेऊन गेलो. म्हटलं, इथल्यांचा गड बघा.

गडाचा दरवाजा थेट बाजाराच्या चौकात उघडतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार तिथे बाजार भरतो: चीज, रोपं, जुनी पुस्तकं, खायच्या पाई. चौकापासून दोन मिनिटांवर सेंट लॉरेन्सचं चर्च, थोडं खाली 1619 ची कोरीव लाकडी 'फेदर्स' इमारत. बाबांना या दोन्हींत फार रस नव्हता. दरवाजाशी आले आणि सवयीने वाकून उंबरठ्याची माती कपाळाला लावायला हात खाली गेला. मग आठवलं, हात खिशात गेला.

आतल्या पडक्या वास्तूंवर छप्पर नाही. वेल्सच्या सरहद्दीचा कारभार बघणारी परिषद 1689 मध्ये मोडली आणि गड ओस पडला. छपरांचं शिसंसुद्धा लोकांनी नेलं. आतल्या आवारात गोल देऊळ असतं तसं नॉर्मन काळातलं चॅपल उभं आहे, भिंतीला आतून कमानींची रांग, वर नुसतं आभाळ. बाबा त्यात मधोमध उभे राहून म्हणाले, "गडावर देव खंयचो?" देव नाही, पण इंग्लंडचा राजपुत्र आर्थर इथेच 1502 मध्ये वारला. त्याच्या धाकट्या भावाने, आठव्या हेन्रीने, पुढे त्याच्याच विधवेशी लग्न केलं. बाबांना ही भानगड चर्चपेक्षा जास्त आवडली.

मग त्यांनी पाटी वाचली: गडात लग्नं होतात, राहायला खोल्या मिळतात. बाबा चपापले. 2019 मध्ये आपल्याकडे किल्ले हॉटेलवाल्यांना भाड्याने द्यायचं धोरण आलं आणि केवढा गदारोळ उठला! शिवरायांच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या गदारोळात मीही इथे बसून तावातावाने लिहीत होतो. अजूनही रायगडावर वरात नको, हेच माझं मत आहे. आर्थरसाठी इथे कोणी डोळे ओले करत नाही, म्हणून त्यांना मांडव घालणं सोपं जातं. ती सोय आपण उसनी घेऊ शकत नाही.

पण आपला वाद तिथेच अडतो, याचा मला कंटाळा आलाय. हॉटेल की पावित्र्य, रोपवे की पायवाट, पुन्हा बांधायचं की पडू द्यायचं. लडलोत कोणी छप्पर पुन्हा घातलं नाही. गवत मात्र कापलेलं असतं, सैल दगड बसवलेला असतो, आणि दरवाजाबाहेरच्या चीजवाल्याला ठाऊक असतं की गड पडला तर गिऱ्हाईक गेलं. विजयदुर्गाचा तट पावसाळ्यात ढासळतो तेव्हा गावातला खाणावळवाला नुसता बघत राहतो, कारण दगडाला हात लावायचा तर परवानगीचा कागद कुठल्या कुठे जाऊन येतो. मला तिथे तिकीट चालेल, चांगलं पन्नास रुपये. फक्त तो पैसा त्याच तटावर लागलेला गावाला दिसला पाहिजे. (हे सोपं नाही. पण 'गड विकला' अशी बोंब ठोकण्यापेक्षा अवघडही नाही.)

परतताना बाबांना उरलेली गोष्ट सांगितली. 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा आरमार अॅडमिरल वॉटसनचं होतं आणि जमिनीवरची फौज रॉबर्ट क्लाइव्हची. हा क्लाइव्ह याच श्रॉपशर परगण्यातला. श्रूजबरीच्या चौकात त्याचा पुतळा आहे. 2020 मध्ये तो हटवावा म्हणून बराच वाद झाला, पण राहिला. त्याचा मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, मग पॉविसचा अर्ल, म्हणजे मोठा सरदार. 1811 मध्ये त्यानेच लडलोचा गड विकत घेतला आणि आजही तो त्याच घराण्याकडे आहे.

बाबा खिडकीबाहेर मेंढ्या बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आज आपण तिकिटाचे पैशे कोणाक दिले?"